यजमान गावे

लष्करातील एका वाचकभगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्या लिहितात की, येत्या फाल्गुनात सहा-सात कुटुंबे मिळून कोकणात जाण्याचा त्यांचा बेत आहे. वेळास येथे कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात, ते मुलांना दाखवावयाचे आहे. पण चौकशी करता कळले की, तेथे चांगलेसे हॉटेल नाही. लोकांच्या घरी उतरावे लागते, ते देतील ते जेवावे लागते आणि चार कुटुंबांस मिळून एक पडवी मिळाली तरी चालवून घ्यावे लागते. आजच्या काळी हे कसे चालावयाचे, असा त्यांचा सवाल आहे व या सदरातून गावकऱ्यांना चार शब्द सुनवावेत, अशी विनंतीही आहे.

वेळासच्या गावकऱ्यांना ग्वाल्हेरात बसून काही सुनवावे, एवढा अधिकार आमच्यापाशी नाही. बोलावयाचेच तर ते इकडच्या मंडळींशी बोलावे लागेल. आणि ते जरा विस्ताराने बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण ज्या गैरसोयीबद्दल पत्रात तक्रार आहे, त्या गैरसोयीतच वेळासच्या साऱ्या प्रयोगाचे मर्म आहे.

प्रथम त्या गावाशी आपले नाते काय ते सांगितले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते त्या बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेस, वेळास हे लहानसे गाव आहे. बाळाजी जनार्दन भानू म्हणजे आपले नाना फडणवीस यांच्या घराण्याचे ते मूळ गाव. नाना आणि महादजी शिंदे ही पेशवाईच्या उत्तरकाळाची दोन चाके. एक पुण्यास, तर दुसरे उत्तरेत. १७८२ साली इंग्रजांशी झालेला सालबाईचा तह आपल्या या ग्वाल्हेरच्या दक्षिणेस, सालबाई येथे महादजींच्या मध्यस्थीने ठरला. त्यावर नानांची मान्यता उमटावयास १७८३ साल उजाडावे लागले. एवढा सावधपणा ज्या घराण्यात होता, त्या घराण्याच्या गावाने पर्यटकांच्या बाबतीतही थोडा सावधपणा दाखवावा, यात आम्हांस तरी आश्चर्य वाटत नाही.

आता कासवांविषयी. समुद्री कासवांच्या ज्या जाती आपल्या किनाऱ्यावर अंडी घालतात, त्यांतील ऑलिव्ह रिडले ही कोकणात सर्वांत अधिक आढळते. ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर या जातीच्या माद्या हजारोंच्या संख्येने एकाच वेळी येतात, ते दृश्य जगप्रसिद्ध आहे. कोकणात तसे नाही. येथे माद्या एकेकट्या, रात्रीच्या वेळी, मुख्यत्वे नोव्हेंबर ते मार्च या काळात येतात. भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत मागच्या वल्ह्यांनी हात-दीड हात खोल, तळाशी फुगीर असा सुरईच्या आकाराचा खड्डा करतात, त्यात शंभराच्या आसपास, कधी अधिकही, अंडी घालतात, वाळू लोटून खड्डा बुजवितात आणि निघून जातात. पुन्हा त्या जागेकडे फिरकत नाहीत. सुमारे पन्नास दिवस वाळूची ऊबच काय ती अंडी उबविते. आणि त्या उबेवर पिल्लू नर होणार की मादी, हेही ठरते. ऊब अधिक असेल तर माद्या अधिक. आई म्हणून तिचे काम एका रात्रीचे, आणि पुढची सारी जबाबदारी वाळूवर!

या अंड्यांवर कोल्ह्या-कुत्र्यांचा डोळा असतो, आणि माणसाचाही होता. मादी वाळूवरून येते-जाते तेव्हा तिच्या वल्ह्यांचा माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटतो. पहाटे किनाऱ्यावर गेलेल्या जाणत्या माणसास तो माग दिसला की, काठीने वाळू चाचपून खड्डा शोधावयास फार वेळ लागत नसे. अंडी खाल्ली जात, विकली जात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवास पूर्ण संरक्षण दिलेले आहे. पण कायद्याचा कागद पहाटे चार वाजता समुद्रावर फिरावयास जात नाही.

चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था १९९२ पासून काम करते. भाऊ काटदरे हे तिचे प्रमुख. २००२ साली या संस्थेची मंडळी पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडांची पाहणी करीत किनाऱ्याने हिंडत असता वेळास येथे त्यांना कासवांच्या अंड्यांची चोरी होत असल्याचे दिसून आले. गरुड शोधावयास गेलेल्यांना कासव सापडले. त्यांनी पोलिसांत वर्दी देऊन आपले गरुड पुढे मोजले असते, तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. ज्या डोळ्यांना वाळूतील माग कळतो त्याच डोळ्यांना राखणीच्या कामी लावावे, असे त्यांनी ठरविले. पंचायतीस विश्वासात घेतले, गावातील तरुणांना हाताशी धरले. पहाटे किनारा पायी पालथा घालावयाचा, ताजे घरटे सापडले की अंडी हलक्या हाताने, न फिरविता, न हिंदकळविता उचलावयाची, आणि समुद्रापासून थोडे वर केलेल्या कुंपणाच्या आवारात मूळ घरट्याच्याच मापाचा खड्डा करून त्यात ठेवावयाची. यास तेथे हॅचरी म्हणतात. प्रत्येक खड्ड्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी. ऊब पुरी झाली की वाळू किंचित खचते आणि एकामागून एक तळहातात मावतील एवढी काळसर पिल्ले वर येतात. ती सकाळी आणि सायंकाळी समुद्राच्या दिशेने सोडतात. अगदी पाण्यात नेऊन ठेवीत नाहीत, वाळूवरून ती आपल्या पायांनी चालत जातील एवढे अंतर ठेवतात. मोठी झालेली मादी बहुधा आपल्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरातच अंडी घालावयास परत येते. तेव्हा या चार पावलांच्या चालण्याला महत्त्व आहे, असे जाणकार मानतात.

राखण सुरू झाली, पण ती टिकणार कशी? येथे आम्हांस या प्रयोगातील खरी बुद्धी दिसते. राखणदाराचे पगार देणगीवर किती वर्षे चालणार? आणि अंड्याला बाजारात चार पैसे मिळत, जिवंत पिल्लाला कोण विचारतो? २००६ साली संस्थेने आणि गावाने मिळून कासव महोत्सव भरविला. पिल्ले सोडताना पाहावयास लोकांना बोलाविले, आणि आलेल्यांची सोय गावातल्या घरांतून केली. तंबू ठोकले नाहीत, कंत्राटदार आणला नाही. ओटी-पडवीत सतरंज्या पडल्या, चुलीवर जे रोज शिजते तेच पाहुण्यांसाठी थोडे अधिक शिजले: तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, सोलकढी, आणि एखाद्या वेळी उकडीचे मोदक. पाहुण्यांनी दिलेले पैसे त्या त्या घरात राहिले. ज्या घराला फाल्गुन-चैत्रात अशी चार पैशांची मिळकत होऊ लागली, त्या घराला किनाऱ्यावरचे कासव आपले वाटू लागले. पुढे संस्थेने हळूहळू आपला हात काढून घेतला, आणि राखणीचे काम वनखाते आणि गावकरी यांच्याकडे गेले. संस्थेने बाजूस होणे हे आमच्या मते महोत्सवाच्या गर्दीपेक्षा मोठे यश आहे. आपल्याकडे संस्था स्थापन करणारे पुष्कळ. वेळेवर बाजूस होणारे विरळा.

आता भगिनींच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, उद्या तेथे सुरूच्या बनालगत बाहेरच्या कोणा धनिकाने चाळीस खोल्यांचे हॉटेल बांधले. गरम पाणी, वातानुकूलन, सारे आले. रात्री दिवे आले. वाळूतून वर आलेले पिल्लू प्रकाशाच्या रोखाने धावते. निसर्गात रात्री तो प्रकाश समुद्रावरील क्षितिजाचा असतो. हॉटेलचे दिवे लागले की ते उलट्या दिशेला, रस्त्याकडे धावणार. अंडी घालावयास आलेली मादीही उजेड पाहून परत फिरते. आणि पैसा? तो ज्याचे हॉटेल त्याचा. पहाटे चार वाजता उठून वाळू तुडविणाऱ्या तरुणाच्या घरात त्यातले काय येणार? फार तर त्यास तेथे वेटरची नोकरी मिळेल. मग तो पहाटे चार वाजता कशासाठी उठेल?

हे कल्पनेचे चित्र नव्हे. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले येतात. तेथेही वनखात्याने राखण ठेवलेली आहे, गावातील माणसांनीही त्यासाठी कष्ट केले आहेत. पण त्याच किनाऱ्यावर उपाहारगृहांच्या रांगा, खुर्च्या, दिवे आणि संगीत यांची दाटी झाली आणि घरट्यांसाठी किनाऱ्याचा एक तुकडा दोरी लावून वेगळा राखावा लागला. पर्यटन तेथे आधी आले, कासवाची काळजी मागाहून. वेळासला क्रम उलटा होता, आणि म्हणून तेथे कासव हे यजमान आहे व पर्यटक हा पाहुणा.

तथापि वेळासमध्ये सर्व आलबेल आहे आणि तेथे काहीच धोका नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. पाहुणे शनिवार-रविवार पाहून येतात. पिल्ले वार पाहून जन्मत नाहीत. कित्येकदा दोनशे मैल मोटार हाकून आलेल्या माणसास एकही पिल्लू दिसत नाही, आणि मग तो घरधन्यावर चिडतो. अशा वेळी 'सकाळची पिल्ले संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी ठेवा की!' असा आग्रह धरणारेही निघतात. ही विनंती दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु अंड्यातील बलकाची जी शिदोरी घेऊन पिल्लू बाहेर येते, तिच्यावर त्याला खोल समुद्र गाठावयाचा असतो. टोपलीत वळवळत घालविलेला प्रत्येक तास त्या शिदोरीतून खर्ची पडतो. तेव्हा ज्या गावाचे उत्पन्न पिल्लांवर अवलंबून, त्याच गावाला पाहुण्यांस 'नाही' म्हणावयाचे असते. या एका 'नाही'वर सारे अवलंबून आहे. आणि ते 'नाही' म्हणण्याची शक्ती गावाला राहील की नाही, हे आपण पाहुणे कसे वागतो यावर बरेचसे ठरते.

२०२० साल तर कठीणच गेले. मार्चमध्ये महामारीमुळे सर्वत्र दारे बंद झाली आणि ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आदळले. मंडणगड-दापोली भागात छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. नारळाचे झाड पुन्हा फळास यावयास किती वर्षे लागतात, हे कोकणातील मूळ असलेल्या आपल्यापैकी पुष्कळांना सांगावयास नको. ज्यांचा केवळ पर्यटनावर भर होता त्यांची, आणि ज्यांचा केवळ बागेवर भर होता त्यांचीही, त्या वर्षी सारखीच दैना झाली. म्हणून पाहुणचार हे जोडउत्पन्न असावे, शेतीची जागा त्याने घेऊ नये, असे आम्हांस वाटते. आणि कासवे? ती आली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविण्यात आले आणि तिचे नाव 'प्रथमा' ठेवले. पश्चिम किनाऱ्यावरील कासवांबाबत असा हा पहिलाच प्रयत्न, म्हणून हे नाव. नाव ठेवणाराने मराठीची लाज राखली.

एक प्रश्न मात्र पत्रात नाही, तो आम्हीच विचारतो, कारण हे मासिक घराघरांतून वाचले जाते. पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घ्यावयाचे, ही गोष्ट आपल्या संस्कारांत बसते का? अतिथीस देव मानणाऱ्या घरात यजमानीणबाईंनी ताटाचा हिशेब करावा, याचा संकोच कोकणातील बायकांना प्रथम झाला असल्यास नवल नाही. तो आपल्या घरांतही झाला असता. पण जरा मागे वळून पाहावे. आपल्या वाडवडिलांनी केलेले प्रवास हे बहुतेक तीर्थयात्रेचे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया, काशी. तेथे ते कोठे उतरत? क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यात. तेथेच जेवण, तेथेच स्नानसंध्येची सोय, आणि निघताना यथाशक्ति दक्षिणा. उपाध्यायांच्या वहीत आपल्या आजोबा-पणजोबांच्या हस्ताक्षरातील नोंद ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल. पाहुणा कोण, कोणत्या गावचा, कोणाचा मुलगा, हे यजमानास ठाऊक होते. आणि यजमानाच्या घरातील रीत पाळावयाची हे पाहुण्यास ठाऊक होते. त्या व्यवस्थेत लोभ शिरला, यात्रेकरूंची ओढाताण झाली, ही गोष्ट खरी. तिचे गोडवे आम्ही गात नाही. परंतु पैसे दिल्याने पाहुणा हा पाहुणा राहात नाही, हे मात्र खरे नव्हे. गेल्या पिढीत आपल्याच गावात वार लावून जेवणारे विद्यार्थी होते. त्यांच्या पुढच्या पिढीत पैसे देऊन खाणावळीत जेवणारे आले. खाणावळ चालविणारी बाई ही पुष्कळदा संसार एकटीने ओढणारी असे, आणि तिच्या हातच्या आमटीला घरचीच चव असे.

उलट, पैसे न घेता होणाऱ्या पाहुणचारात कष्ट कोणाचे होत, हेही विचारावे. ते घरच्या बाईचेच होत, आणि त्याची नोंद कोठेच नसे. म्हणूनच उत्तराखंडातील सरमोली या गावची हकीकत आम्हांस विशेष वाटते. पिथोरागड जिल्ह्यात मुनस्यारीजवळ, पंचचूली शिखरांसमोर हे गाव आहे. तेथील बायकांनी मल्लिका विर्दी यांच्या पुढाकाराने २००४च्या सुमारास आपल्या घरांतून पाहुणे ठेवावयास सुरुवात केली. डोंगरातील बाईचा दिवस जंगलावर उभा असतो: गवत, सरपण, पाणी. तेथे गावाच्या जंगलाची व्यवस्था पाहणारी वनपंचायत असते. या बायकांनी पाहुणचार आणि वनपंचायत यांची गाठ घालून दिली. पाहुणा हिमशिखरे पाहावयास येतो, पक्षी पाहावयास येतो, तर ते जंगल राखणाऱ्यांतच पाहुण्यांची वाटणी व्हावयास हवी, हा साधा न्याय. पाहुणे पाळीपाळीने घरांत धाडावयाचे, म्हणजे रस्त्यालगतच्या मोठ्या घराने सारे लाटावे आणि वरच्या अंगाच्या लहान घराने पाहात राहावे, असे होत नाही. जंगलातील मेसर कुंडाचे पाणी आटत चालले होते, तेही गावाने पुन्हा नीट केले आणि त्याच्या काठी उत्सव सुरू केला. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाने २०२३ साली सरमोलीस सर्वोत्तम पर्यटनग्राम म्हणून गौरविले. गौरव होत राहतील. आम्हांस महत्त्वाची वाटते ती पाळी. शाळेत आम्ही चाळीस वर्गपाट्या पुसावयाचे काम पाळीने देतो, तेव्हा पहिल्या बाकावरची मुले नाखूष असतात. पण वर्ग चालतो तो त्या पाळीमुळेच.

साताऱ्याच्या कास पठाराविषयी लिहावयाचे तर एक स्वतंत्र लेख होईल. येथे एवढेच सांगतो की, जांभ्या खडकावरील बोटभर मातीत फुलणारी ती रानफुले पाहावयास, २०१२ साली पश्चिम घाटाचा जागतिक वारशात समावेश झाल्यानंतर तर, एवढी गर्दी लोटली की फुलांपेक्षा मोटारी अधिक झाल्या. भोवतालच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर उभ्या राहिल्या. शुल्क, दिवसाच्या पाहुण्यांची मर्यादा, वाहनतळ, वाटाड्ये ही सारी व्यवस्था गावच्या माणसांच्या हाती आली. फुले तुडविली जाऊ नयेत म्हणून कुंपणही घातले. आणि मग जाणत्यांनी व गुराख्यांनी एक विचित्र गोष्ट दाखवून दिली. कुंपणाने माणसे अडली तशी गुरेही अडली. गुरांनी चरावयाचे गवत माजले, त्यांचे शेण पडेनासे झाले, आणि काही ठिकाणी फुलेच कमी दिसू लागली. शेकडो वर्षे गुरांसह फुलणाऱ्या पठाराला गुरांपासून वाचविणे म्हणजे काय, असा वाद झाला आणि पुढे ते कुंपण काढून टाकण्यात आले. या वादात गुराख्याचे म्हणणे शेवटी ऐकले गेले. तो गावच्या व्यवस्थेतला माणूस होता म्हणूनच ना? मुंबईत बसलेल्या एखाद्या कंपनीने पठार चालविले असते, तर गुराख्याने आपले म्हणणे कोणापुढे मांडले असते?

एवढ्या दूरचे कशाला, आपल्या चंदेरीजवळचे प्राणपूर पाहा. चंदेरी ग्वाल्हेर संस्थानात होती, आणि शिंदे सरकारने १९१० साली तेथे विणकामाच्या शिक्षणाची शाळा काढली होती. आपल्यातील कोणत्या मुलीच्या रुखवतात अशर्फी बुटीची चंदेरी नव्हती? प्राणपुरात घराघरांतून माग चालतात. मध्यप्रदेशच्या पर्यटन मंडळाने ते हातमागाचे पर्यटनग्राम म्हणून विकसित केले आहे. रस्ते, भिंतींवरची चित्रे, पाहुण्यांसाठी खोल्या, असे बरेच काही झाले आहे. ओरछ्याजवळ लाडपुरा खास येथेही बायका आपल्या घरी पाहुणे ठेवतात; २०२१ साली जागतिक पर्यटन संघटनेच्या स्पर्धेसाठी भारतातून जी तीन गावे पाठविली गेली, त्यांत ते होते.

या गावांना आम्ही मनापासून सुयश चिंतितो. पण एक फरक नजरेआड करता येत नाही. वेळास आणि सरमोलीत गावाने आधी आपले काहीतरी राखावयास घेतले, पाहुणे नंतर आले. येथे योजना वरून आली आहे. वरून आलेली योजना वाईटच असते असे नव्हे. सरकारी शाळेत आयुष्य घालविलेल्या माणसाने तसे म्हणणे शोभणारही नाही. परंतु अशा योजनेत ज्याच्यापाशी अंगण आहे त्यालाच पाहुण्यांची खोली बांधता येते. ज्या विणकराच्या घरात मागाने एक खोली अडविलेली आहे आणि दुसऱ्या खोलीत सहा माणसे निजतात, त्याने पाहुणा कोठे ठेवावा? त्याच्यासाठी पाहुण्याने निदान साडी तरी थेट त्याच्या मागावरून घ्यावी. आणि घेताना दुकानात करतो तशी घासाघीस करू नये. एक नक्षीदार साडी विणावयास किती दिवस लागतात, हे समोर बसून अर्धा तास पाहिले तरी ओठांवर आलेला 'कमी करा की हो' आपोआप मागे फिरेल. गेल्या थंडीत आमच्या शाळेची मुले तेथे गेली होती. एका मुलीने विणकराला विचारले, 'काका, तुम्ही घरी असे काम करता, तर मग गृहपाठ कोण घेतो?' काकांनी माग थांबवून आपल्या मुलीची वही आणून दाखविली. दोन्ही मुलींची इयत्ता एकच निघाली, आणि पुढला पाऊण तास आम्हांस कोणी विचारले नाही.

तेव्हा लष्करातील भगिनींना आमचे सांगणे असे. वेळासला अवश्य जावे. सहा-सात कुटुंबांनी एकाच घराचा आग्रह धरू नये. दोन-तीन घरांत वाटून उतरावे, म्हणजे एकाच घरच्या बाईवर पंचवीस पानांचा भार पडत नाही. आगाऊ कळवावे आणि जेवणारी माणसे किती, हे नक्की सांगावे. ऐन वेळी चार पाने कमी झाली तर ते अन्न त्या घराच्या खर्चात जाते. शनिवार-रविवार टाळून मधले वार धरता आले तर उत्तम. शाळेची रजा लागली तर ती मागावी, मुख्याध्यापक या नात्याने आम्ही ती आनंदाने देऊ, इतरांचे त्यांच्यावर. किनाऱ्यावर विजेरी किंवा छायाचित्राचा दिवा लावू नये. पिल्लांना हात लावू नये, दोरीच्या आत पाऊल टाकू नये. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि खाऊची वेष्टने आपल्या पिशवीत परत आणावीत. त्या लहान गावाने आपला कचरा कोठे टाकावा? आणि मुलांना आधीच सांगून ठेवावे की, पिल्ले दिसतील किंवा दिसणारही नाहीत. न दिसल्यास गावात नाना फडणवीसांचे स्मारक आहे, जवळच बाणकोटचा किल्ला आहे, खाडीपलीकडे हरिहरेश्वर आहे.

वाट अशी. ग्वाल्हेरहून मुंबई-पनवेलकडे जाणारी गाडी धरावी. पुढे कोकण रेल्वेने माणगावपर्यंत जाता येते; तेथून मंडणगडमार्गे रस्ता आहे. मोटार घेऊन जाणाऱ्यांनी श्रीवर्धन-हरिहरेश्वरावरून यावे. बागमांडल्याहून वेसवीपर्यंत मोटारीसह नेणारी फेरीबोट मिळते आणि खाडी ओलांडली की बाणकोटवरून वेळास जवळच आहे. फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी यजमानांनाच विचाराव्यात. त्यांना त्या तोंडपाठ असतात.